दम नेमका कुठे अडतो?

बोरिवलीहून गोराई खाडी ओलांडणाऱ्या सकाळच्या बोटींत हल्ली माणसांबरोबर सायकलीही असतात. पलीकडे उतरायचे, गोराई गावातून उत्तनच्या रस्त्याला लागायचे, चढ-उतार दामटायचे आणि ऊन चढायच्या आत परतायचे, हा उपनगरातल्या सायकलस्वारांचा आणि धावणाऱ्यांचा ठरलेला बेत. या मंडळींच्या मनगटावरचे घड्याळ अलीकडे एक आकडा दाखवते: ‘व्हीओटू मॅक्स’. शरीर जास्तीत जास्त जोर लावत असताना मिनिटाला किती ऑक्सिजन वापरू शकते, त्याचा हा अंदाज. चढावर धाप लागली आणि घड्याळातला आकडा काही हलेना, की निदान ठरलेलेच असते: छाती कमी पडते, फुप्फुसांत दम नाही. मग कुणी प्राणायामाचे तास वाढवतो, कुणी तोंडावर श्वास अडवणारा मुखवटा बांधून धावतो. शंभर वर्षांचे संशोधन एकत्र ठेवून पाहिले तर हा संशय चुकीच्या अवयवावर घेतला जातोय असे दिसते. समुद्रसपाटीला राहणाऱ्या निरोगी माणसाची ही वरची मर्यादा मुख्यतः रक्त ठरवते. हृदय मिनिटाला किती रक्त पुढे ढकलते आणि त्या रक्तात हिमोग्लोबिन किती आहे, या दोन गोष्टींचा हा हिशेब आहे. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर यातल्या दुसऱ्या गोष्टीकडे आपण जवळजवळ पाहतच नाही, असे माझे म्हणणे आहे.

प्रश्नाची सुरुवात ए. व्ही. हिल या इंग्रज शरीरशास्त्रज्ञापासून होते. स्नायूंवरील कामासाठी त्यांना ओटो मायरहोफ यांच्यासोबत 1922 चे नोबेल मिळाले. त्याच सुमारास ते पाठीवर पिशवी बांधून, सोडलेला श्वास तिच्यात गोळा करत स्वतःच धावत होते. वेग वाढवत नेला तसा ऑक्सिजनचा वापर वाढत गेला. पण मिनिटाला सुमारे चार लिटरपाशी येऊन तो थांबला. वेग त्यापुढेही वाढवता येत होता, ऑक्सिजनचा वापर मात्र वाढत नव्हता. हिल आणि हार्टली लप्टन यांनी 1923 मध्ये हे मांडले आणि त्याला कारण म्हणून हृदयाकडे व रक्ताभिसरणाकडे बोट दाखवले. त्यांच्याकडे ते सिद्ध करण्याची साधने नव्हती. हा बराचसा अंदाज होता, पण नेम धरून मारलेला. पुढे हा आकडा किलोमागे मिलिलिटरमध्ये सांगायची पद्धत पडली. स्वस्थ बसलेल्या माणसाला किलोमागे मिनिटाला साडेतीन मिलिलिटर ऑक्सिजन लागतो, व्यायाम न करणाऱ्या तरुणाची कमाल साधारण 35 ते 45 असते आणि जागतिक दर्जाच्या लांब पल्ल्याच्या धावपटूची 70 ते 85. म्हणजे सामान्य माणूस विश्रांतीच्या दहा-बारा पट जाऊ शकतो आणि अव्वल धावपटू वीस पटींच्याही पुढे. एवढी तफावत शरीरात नेमकी कुठे तयार होते, हाच मूळ प्रश्न.

आधी फुप्फुसांचा विचार करू, कारण लोकांचा संशय त्यांच्यावरच असतो. हवेतला ऑक्सिजन रक्तात चढण्याचे काम ती करतात आणि हे काम ती किती नीट करतात हे तपासायला धमनीतले रक्त पाहणे पुरेसे आहे. बसलेल्या माणसाच्या धमनीतले हिमोग्लोबिन 97-98 टक्के ऑक्सिजनने भरलेले असते. तोच माणूस ट्रेडमिलच्या पट्ट्यावर जीव तोडून धावत असताना पाहिले, तर ते प्रमाण जवळजवळ तेवढेच राहते. फुप्फुसे अपुरी असती तर रक्त तिथूनच अर्धवट भरून निघाले असते. शिवाय कमाल जोर लावतानाही बहुतेकांच्या श्वासात थोडी जास्तीची क्षमता शिल्लक असते. धावण्याचा जोर संपल्यावर लगेच मुद्दाम भराभर श्वास घ्यायला सांगितले, तर ते त्याहून जास्त हवा आत-बाहेर करू शकतात. मग धाप का लागते? श्वासाचा वेग मुख्यतः रक्तातला कार्बन डायऑक्साइड आणि आम्लता ठरवतात. स्नायू तापले, त्यांनी आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड रक्तात सोडला, की मेंदू श्वास वाढवायला लावतो. धाप हे कचरा बाहेर टाकण्याचे काम आहे. ऑक्सिजन कमी पडल्याची ती पावती नव्हे. गोराईच्याच किनाऱ्यावर जागतिक विपश्यना पॅगोडा आहे आणि 2009 मध्ये तो खुला झाल्यापासून तिथे माणसे श्वास न्याहाळत बसतात. श्वासावर लक्ष ठेवण्याने मन शांत होत असेल, त्याविषयी माझा वाद नाही. पण त्याने कमाल ऑक्सिजनचा आकडा वाढेल अशी अपेक्षा ठेवणे म्हणजे सोसायटीच्या पाण्याची टाकी भरलेली असताना नळाची धार का बारीक आहे ते टाकीत शोधण्यासारखे आहे.

या नियमाला दोन अपवाद आहेत, आणि अपवादांमुळेच तो अधिक उलगडतो. पहिला अपवाद अत्यंत तयार धावपटूंचा. तांबड्या पेशीला फुप्फुसाच्या केशवाहिनीतून जायला विश्रांतीत पाऊण सेकंद लागतो. ज्याचे हृदय मिनिटाला 35 लिटर रक्त फेकते, त्याच्या पेशीला त्याच्या निम्म्याहून कमी वेळ मिळतो आणि काहींची पेशी पुरती न भरताच पुढे निघते. डेम्प्सी यांनी 1984 मध्ये काही तगड्या धावपटूंच्या धमनीत ऑक्सिजन उतरलेला दाखवला. पुढे 1989 मध्ये पॉवर्स व सहकाऱ्यांनी 21 ऐवजी 26 टक्के ऑक्सिजनची हवा देऊन पाहिली: तयार खेळाडूंची कमाल वाढली, साध्या माणसांची जवळजवळ जिथल्या तिथेच राहिली. म्हणजे फुप्फुस अपुरे ठरते ते हृदय फार मोठे झाल्यावर. दुसरा अपवाद उंचीचा. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई 1646 मीटर. तिथे कमाल जेमतेम थोडी घसरेल. पण 1985 च्या ‘ऑपरेशन एव्हरेस्ट’च्या दुसऱ्या प्रयोगात, हवेचा दाब कृत्रिमरीत्या शिखराएवढा उतरवल्यावर, समुद्रसपाटीला मिनिटाला चार लिटर वापरणाऱ्या तरुणांची कमाल सव्वा लिटरच्या आत आली. सियाचीनवरच्या जवानाला छाती भरून न येण्याची तक्रार करायचा अधिकार आहे. गोराईत राहणाऱ्याला तो नाही. इथे हवेचा दाब पूर्ण 760 मिलिमीटरचा आहे.

फुप्फुसांतून भरून निघालेला ऑक्सिजन स्नायूपर्यंत पोहोचवायचे काम रक्ताचे. 1870 मध्ये आडोल्फ फिक या जर्मन शास्त्रज्ञाने मांडलेला हिशेब इथे उपयोगी पडतो: शरीर मिनिटाला जेवढा ऑक्सिजन वापरते, तो म्हणजे मिनिटाला फिरलेले रक्त गुणिले धमनी आणि शिरा यांतल्या ऑक्सिजनचा फरक. सामान्य तरुणाचे हृदय कमाल जोरात मिनिटाला 20 लिटरच्या आसपास रक्त फेकते. लिटरभर धमनीच्या रक्तात सुमारे 200 मिलिलिटर ऑक्सिजन असतो आणि जोराच्या व्यायामात शिरेच्या रक्तात त्यातला जेमतेम 30 ते 50 मिलिलिटर उरतो. म्हणजे स्नायू मिळालेल्यातला तीन चतुर्थांशाहून अधिक ऑक्सिजन काढून घेतात. त्यांनी आणखी ओढायला फारसे शिल्लकच नसते. प्रशिक्षित आणि अप्रशिक्षित माणसांची तुलना करता या ओढण्यात फरक थोडा दिसतो आणि मिनिटाला फिरणाऱ्या रक्तात मोठा. हृदयाचा कमाल वेग दोघांचाही जवळपास सारखाच. तयार खेळाडूचे हृदय एका ठोक्यात कितीतरी जास्त रक्त फेकते.

हे निव्वळ गणित राहिले नाही, कारण हृदयाला हात लावून पाहणारे प्रयोग झाले. 1966 मध्ये डॅलसला बेंग्ट साल्टिन आणि सहकाऱ्यांनी विशीतल्या पाच तरुणांना वीस दिवस खाटेवर झोपवून ठेवले. त्यांची कमाल सरासरी पाव हिश्शाहून अधिक घसरली आणि त्या घसरणीचा मोठा भाग हृदयाच्या एका ठोक्यात फेकल्या जाणाऱ्या रक्तातला होता. पुढे काही आठवड्यांच्या व्यायामाने ती पुन्हा चढली. याच पाच जणांना तीस वर्षांनी पुन्हा तपासले, तेव्हा पन्नाशीत पोहोचलेल्या त्यांच्यापैकी एकाचीही कमाल तरुणपणीच्या त्या तीन आठवड्यांच्या खाटेनंतरच्या पातळीइतकी खाली गेलेली नव्हती. तीन आठवड्यांच्या निजण्याने तीस वर्षांच्या वयापेक्षा जास्त नुकसान केले, ही गोष्ट शस्त्रक्रियेनंतर आजोबांना महिनाभर पलंगावरून हलू न देणाऱ्या घरांनी जरूर ऐकावी. आणखी एक पुरावा कुत्र्यांवरचा. हृदयाभोवतीचे आवरण उघडून त्याला मोकळी जागा दिल्यावर, बाकी काहीही न बदलता, त्यांच्या हृदयातून जास्त रक्त निघाले आणि कमालही वाढली. उलट माणसाला हृदयाचा वेग रोखणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्या दिल्या की कमाल उतरते.

सर्वांत निर्णायक मला 1985 चा अँडरसन आणि साल्टिन यांचा प्रयोग वाटतो. माणसाला बसवून त्यांनी फक्त एका पायाचा गुडघा ताणण्याचे काम दिले, म्हणजे मांडीचा पुढचा एकच स्नायुगट चालू. एवढ्या छोट्या स्नायूला हृदय हवे तेवढे रक्त पुरवू शकते. तिथे किलोभर स्नायूमागे मिनिटाला अडीच लिटरच्या आसपास रक्त धावले, पूर्वी कुणी कल्पनाही केली नव्हती इतके. आता धावताना 25 किलो स्नायू एकाच वेळी कामाला लागतात असे धरा. सगळ्यांना एवढेच रक्त द्यायचे तर मिनिटाला 60 लिटरहून अधिक लागेल आणि माणसाचे कुठलेही हृदय 40 च्या फारसे पुढे जात नाही. म्हणजे स्नायूंची मागणी पंपाच्या क्षमतेच्या कितीतरी पलीकडे आहे. 1977 मध्ये सेशर यांनी पायाने सायकल चालवणाऱ्याला हातांचेही काम दिले, तेव्हा पायाकडे जाणारे रक्त कमी झाले. शरीराने स्वतःच पायातल्या वाहिन्या आकसून घेतल्या, नाहीतर रक्तदाबच कोसळला असता. श्वासाच्या स्नायूंचाही या वाटणीत हिस्सा आहे. कमाल जोरात ते एकूण रक्ताचा सातवा-आठवा भाग ओढून घेऊ शकतात. फुप्फुसांवर उगाच आलेल्या आळाचा थोडा भाग इथे खरा ठरतो, पण तोही रक्ताच्या टंचाईच्या रूपाने.

आता हिमोग्लोबिन. एक ग्रॅम हिमोग्लोबिन 1.34 मिलिलिटर ऑक्सिजन वाहते, यात फार घासाघीस नाही. 1972 मध्ये एकब्लोम यांनी स्वीडनमध्ये तरुणांचे रक्त काढून साठवले आणि काही आठवड्यांनी त्यांच्याच तांबड्या पेशी त्यांना परत चढवल्या. हृदय तेच, फुप्फुसे तीच, स्नायूही तेच. तरी कमाल रातोरात सुमारे नऊ टक्क्यांनी वाढली. खेळातल्या रक्त-डोपिंगचा उगम या प्रयोगात आहे आणि नव्वदच्या दशकातल्या सायकल शर्यतींतले ईपीओचे (तांबड्या पेशी वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिनचे) घोटाळे त्याचेच पुढचे पान. निसर्गानेही एकदा हा प्रयोग केला. फिनलंडचा स्कीपटू एरो मँटिरांटा याच्या शरीरात जन्मजात जनुकीय बदलामुळे हिमोग्लोबिन साध्या माणसापेक्षा कितीतरी जास्त होते. 1964 च्या इन्सब्रुक ऑलिंपिकमध्ये त्याने दोन सुवर्णपदके मिळवली. त्याच्यावर फसवणुकीचा संशयही घेतला गेला. कुटुंबाच्या तपासणीत कारण रक्तातच निघाले, ते तीन दशकांनी.

पहिला आक्षेप स्नायूंच्या बाजूने येतो आणि तो पोकळ नाही. 1967 मध्ये जॉन होलॉझी यांनी उंदरांना धावायला लावून त्यांच्या स्नायूंतल्या तंतुकणिकांची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता दुप्पट झालेली दाखवली. एका पायाला व्यायाम दिला आणि दुसऱ्याला नाही, तर एका पायाने सायकल चालवून पाहिल्यावर सुधारणा मुख्यतः तयार पायातच दिसते. पीटर वॅग्नर यांनी तर असे मांडले की केशवाहिनीतून तंतुकणिकेपर्यंत ऑक्सिजन झिरपायला लागणारा वेळ आणि अंतर हाही एक खरा अडथळा आहे. म्हणून एकच एक अडथळा शोधणे चूक, हवेपासून पेशीपर्यंतची प्रत्येक पायरी थोडी थोडी रोखते. तत्त्व म्हणून हे मान्यच आहे. पण सगळ्या पायऱ्या थोड्या थोड्या रोखतात म्हणजे सारख्याच रोखतात असे होत नाही. एका पायाच्या प्रयोगात हृदयाला मुळी जोरच पडत नाही, त्यामुळे तिथे स्नायूचे म्हणणे ठळक ऐकू येते. पूर्ण शरीराने धावताना हृदयाचा आवाज त्याला झाकून टाकतो. याचा उत्तम निवाडा डेव्हिस व सहकाऱ्यांनी 1982 मध्ये उंदरांवर केला. लोहाच्या कमतरतेने त्यांचे रक्तही पातळ झाले होते आणि स्नायूतले लोहयुक्त विकरही खालावले होते. लोह दिल्यावर रक्त आधी सुधारले आणि कमाल ऑक्सिजनही त्याच्याबरोबरच चढला. दीर्घ वेळ पळण्याची ताकद मात्र मागे राहिली. ती स्नायूंतल्या तंतुकणिका सावरल्या तेव्हा आली. कमाल ठरवते रक्त, टिकाव ठरवतो स्नायू. हा भेद नीट ठेवला तर दोन्ही पक्षांचे निम्मे भांडण मिटते.

दुसरा आक्षेप दक्षिण आफ्रिकेच्या टिम नोक्स यांचा. 1990 च्या दशकाअखेर त्यांनी म्हटले की हिलने पाहिलेला तो सपाट भाग पुष्कळांच्या चाचणीत दिसतच नाही. शिवाय पंप खरोखरच मर्यादेला पोहोचला तर हृदयाच्या स्नायूलाच ऑक्सिजन कमी पडेल आणि छातीत कळ येईल. तसे होत नाही, म्हणजे मेंदूतला कुणी नियंत्रक त्याआधीच स्नायूंना आवरतो. माणूस शर्यतीत केव्हा हार मानतो, शेवटच्या वळणावर कुठून जोर आणतो, हे समजायला नोक्स यांचे म्हणणे मोलाचे आहे. पण कमाल ऑक्सिजनचे उत्तर त्यातून मिळत नाही. रक्त परत चढवलेल्या स्वीडिश तरुणांच्या डोक्यात कोणताही नवा नियंत्रक बसवलेला नव्हता, तरी त्यांची कमाल वाढली. हृदयाला कळ येत नाही, कारण त्याच्या स्वतःच्या वाहिन्या निरोगी असताना भरपूर रुंदावतात. त्याची मर्यादा ठोक्यागणिक भरणाऱ्या रक्ताची असते, उपासमारीची नव्हे. याला उष्णतेच्या प्रयोगांनी बळ दिले. 2003 मध्ये गोन्झालेझ-अलोन्सो आणि काल्बेट यांनी शरीर आधीच तापवलेल्या सायकलस्वारांची कमाल घसरलेली दाखवली, आणि घसरणीबरोबर हृदयातून निघणारे रक्त व पायाला मिळणारे रक्तही कमी झाले होते. तापलेली त्वचा आपल्या वाट्याचे रक्त मागते आणि घामाने पाणी गेलेले असते, मग हृदयात परत यायला रक्त कमी उरते. मे महिन्यात सकाळी नऊलाच चिकट झालेल्या गोराई-मनोरीच्या किनाऱ्यावर कुणाचा आकडा खाली आला, तर तो इथेच शोधावा. फुप्फुसाला दमट हवेने काही बिघडत नाही. घाम न वाळल्याने हृदयाला दोन आघाड्या सांभाळाव्या लागतात.

तिसरा आक्षेप वेगळ्या जातीचा आहे: ही कमाल एवढी महत्त्वाची असेल तर तीच शर्यत का जिंकून देत नाही? देत नाही, हे खरे. ऑस्ट्रेलियाचा डेरेक क्लेटन 1969 मध्ये अँटवर्पला 2 तास 8 मिनिटे 33 सेकंदांत मॅरेथॉन पळाला (मार्ग आखूड होता अशी कुजबुज पुढे झाली), आणि त्याची कमाल जेमतेम 70 च्या आसपास होती. त्याच्याहून जास्त आकड्याचे पण कितीतरी मागे राहणारे धावपटू होतेच. क्लेटन दर पावलाला कमी ऑक्सिजन खर्च करत असे आणि कमालीच्या फार जवळचा वेग तासन्‌तास टिकवत असे. त्याच अँटवर्पला 1920 च्या ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले होते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर अनवाणी धावणारी खेड्यातली पोरे पाहून दोराबजी टाटांनी त्या ऑलिंपिकच्या भारतीय पथकाची जुळवाजुळव केली. तेव्हा कुणाची कमाल मोजली जात नव्हती, आज मोजमापाची सोय आहे. बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे सैन्यात गेला, सियाचीनला राहिला, अमेरिकेत उंचीवर सराव केला आणि जुलै 2024 मध्ये पॅरिसला 3000 मीटर स्टीपलचेस 8 मिनिटे 9.91 सेकंदांत पळाला. साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये याच शर्यतीत दहावी आली. उंचीवरच्या सरावाचा उद्देश बऱ्याच अंशी रक्ताशीच संबंधित आहे: काही आठवड्यांत मूत्रपिंडे एरिथ्रोपोएटिन वाढवतात आणि हिमोग्लोबिनचा एकूण साठा फुगतो. 1997 मध्ये लेव्हिन आणि स्ट्रे-गुंडरसन यांनी उंचीवर राहून खाली सराव करणाऱ्यांचा फायदा दाखवला, तो मुख्यतः याच वाटेने. कमाल म्हणजे छत. त्याखाली कोण किती वर चढतो हा वेगळा प्रश्न. पण छतच खाली असेल तर कौशल्याला वाव किती उरणार?

आणि इथे आपण या विषयाच्या आपल्याकडच्या खऱ्या भागापाशी येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया पंडुरोगी आढळल्या. याचा कमाल ऑक्सिजनवर काय परिणाम होतो, ते साध्या गणितात मांडता येते. 50 किलो वजनाची स्त्री घ्या, तिचे हृदय कमाल जोरात मिनिटाला 15 लिटर रक्त फेकते असे धरा. हिमोग्लोबिन 13 असेल तर लिटरभर धमनीच्या रक्तात सुमारे 170 मिलिलिटर ऑक्सिजन आणि त्यातले 35 परत आले, तर तिची कमाल मिनिटाला दोन लिटर, म्हणजे किलोमागे 40. हिमोग्लोबिन 9 असेल तर लिटरमागे 117 च; शिरेत 25 उरले असे धरले तरी कमाल जेमतेम एक लिटर चारशे मिलिलिटर, किलोमागे 28 च्या खाली. या फरकाएवढी वाढ एखाद्या धावपटूने सरावाने केली तर त्याच्यावर लेख छापून येतील. काम दिवसभर करायचे असेल तर माणूस कमालीच्या साधारण 35-40 टक्क्यांवर टिकतो. पहिलीच्या वाट्याला त्यातून मिनिटाला आठशे मिलिलिटर येतात, दुसरीच्या साडेपाचशे. सकाळी मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठणारी, दुपारी पाणी भरणारी आणि संध्याकाळी घर आवरणारी बाई जर या दुसऱ्या गटातली असेल, तर ती आळशी नाही. ती सतत आपल्या छताला डोके टेकवून उभी आहे.

कुणी म्हणेल, शरीर हे भरून काढत नाही का? काही प्रमाणात काढते. पंडुरोगात हिमोग्लोबिन ऑक्सिजन अधिक सहज सोडू लागते आणि हृदय साध्या कामातही जास्त रक्त फिरवते. म्हणूनच अशा बाईला साधा चढही धडधडवतो आणि म्हणूनच ती वर्षानुवर्षे कुणाला आजारी वाटत नाही. पण हृदयाची ही जादा मेहनत कमालीच्या आधीच्या टप्प्यात खर्च होते. कमाल गाठल्यावर वाढवायला काही शिल्लक राहत नाही. दुसरी शंका अशी की प्रयोगशाळेचे हे निष्कर्ष शेतात-मळ्यात उतरतात का? 1979 च्या इंडोनेशियातल्या रबर गोळा करणाऱ्या कामगारांवरच्या बास्टा व सहकाऱ्यांच्या अभ्यासात पंडुरोगी कामगारांचे उत्पादन इतरांपेक्षा सुमारे पाचव्या हिश्शाने कमी होते. दोन महिने लोह दिल्यावर त्यांचे हिमोग्लोबिन आणि उत्पादन, दोन्ही वर आले. त्याच काळात श्रीलंकेच्या चहाच्या मळ्यांवरच्या स्त्रियांमध्येही लोहाने काम वाढल्याचे दिसले. हे सगळे पुरावे क्रीडाशास्त्राच्या कपाटात नाहीत, पोषणशास्त्राच्या कपाटात आहेत. दोन्ही कपाटे एकाच प्रश्नाची असल्याचे क्वचितच कुणी बोलते. याला एक कारण मला असे दिसते की हा शंभर वर्षांचा अभ्यास बव्हंशी तंदुरुस्त तरुण पुरुषांवर झाला. हिल स्वतः, डॅलसचे पाच जण, एकब्लोम यांचे स्वयंसेवक, सगळे पुरुष. आणि त्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन भरपूर होते म्हणून लक्ष हृदयावर खिळले.

आपल्याकडे साधने आधीच शाळेपर्यंत पोहोचली आहेत. 2012-13 पासून किशोरवयीन मुलामुलींना आठवड्याला एक निळी गोळी, आता 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिडची, देण्याचा सरकारी कार्यक्रम आहे आणि 2018 पासून ‘ॲनिमिया मुक्त भारत’ मोहीम. दुसरीकडे खेळाच्या शिक्षकांकडे शाळकरी मुलांची 600 मीटर धावण्याची वेळ घेण्याची चाचणी आहे. गोळीची नोंद आरोग्याच्या रजिस्टरात होते आणि धावण्याची नोंद खेळाच्या वहीत. एकाच मुलीच्या या दोन ओळी शेजारी ठेवल्या, तर गोळ्या सुरू होण्याआधीची 600 मीटरची वेळ आणि तीन महिन्यांनंतरची वेळ यांतला फरक कुठल्याही शाळेला स्टॉपवॉचवर पाहता येईल. गोळ्या मुली जेवणानंतर घेतात की उपाशीपोटी, लगेच वर चहा पितात का (चहातले टॅनिन लोह शोषू देत नाही), मळमळ होते म्हणून गोळी खिडकीबाहेर जाते का, तेही मग बाहेर येईल. आणि डेव्हिस यांच्या उंदरांवरून एवढे आधीच सांगता येते की ज्या मुलीचे रक्त सुधारले तिची कमाल आधी वाढेल, लांब धावण्याचा टिकाव मागाहून येईल. त्यामुळे हिमोग्लोबिन बारापर्यंत पोहोचले म्हणून गोळी बंद करू नये, लोहाचा साठा भरेपर्यंत काही महिने ती चालूच ठेवावी.